पुण्याचा दाब, भोरची ऊब

त्या काळी आमच्या भोरात ज्यांच्या घरी विजेची इस्त्री होती, त्यांच्या इस्त्रीच्या मुठीला दोरा बांधलेला असे. पंख्याच्या गळ्यात दोरा, टेबलावरच्या दिव्याच्या मानेत दोरा. गावात नवा आलेला माणूस हे बघून दचकत असे. ह्या गावावर कुणीतरी मोठी करणी केली आहे आणि हा त्यावरचा उतारा असावा, असं त्याला वाटे. तसं काही नव्हतं. आमच्या जकात नाक्यावर आण्णा नावाचे एक कारकून होते, एवढंच.

पुण्याहून सर्व्हिस मोटार आली की गावात शिरण्याआधी संस्थानच्या नाक्यावर थांबायची. पोराबाळांसकट सगळे उतरायचे आणि ट्रंका उघडून दाखवायचे. बाकीचे कारकून कापड बघत, साखर बघत, रॉकेलचे डबे ठोकून बघत. आण्णांना त्यात काडीचा रस नव्हता. ते फक्त विजेची वस्तू शोधत. एखाद्या ट्रंकेत धोतरांच्या घडीखालून वायरीचं टोक दिसलं, की त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते विचारायचे, "दाब विचारलात का?"

व्होल्टेज हा शब्द त्यांना मान्य नव्हता. ते दाब म्हणत. पुण्याच्या विजेचा दाब दोनशेतीस, आणि आमच्या गावात एका इंजिनावर तयार होणाऱ्या विजेचा एकशे दहा. शिवाय दोघींची चालही निराळी. पुण्याची वीज क्षणोक्षणी मागंपुढं करणारी, आमची एका दिशेनं सरळ जाणारी. आमच्या विजेच्या ह्या सरळपणाचा आण्णांना एवढा अभिमान होता, की जणू लहानपणापासून त्यांनीच तिला वळण लावलं होतं. भोरचा दिवा पुण्यात लावला तर फट्कन उडायचा, पुण्याचा इथं लावला तर काजव्याएवढा पेटायचा. तेव्हा कोणती वस्तू कुठली हे विसरायला नको, म्हणून आण्णांच्या कोटाच्या उजव्या खिशात लाल दोऱ्याचं रीळ असे आणि डाव्या खिशात पांढऱ्याचं. पुण्याच्या दाबाची वस्तू असेल तर लाल दोरा, भोरच्या दाबाची असेल तर पांढरा. दोऱ्याला तीन गाठी मारल्याशिवाय ते वस्तू सोडत नसत. असं करण्याचा संस्थानचा हुकूम नव्हता. वरच्या साहेबांनी दोनदा बोलून पाहिलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच्याच पंख्याला दोरा बांधून घेतला.

माणसांनाही ते हेच माप लावत. आमचे हेडमास्तर वर्गात ओरडायला लागले, की आवाज थेट नाक्यापर्यंत जाई. आण्णा मान हलवून म्हणत, "दोनशेतीसचा माणूस एकशे दहाच्या शाळेत लावलाय. पोरं उडणार एखाद्या दिवशी." माझ्याबद्दल त्यांचं मत विचारण्याचं धाडस मला कधी झालं नाही. मी भूगोल शिकवत असे आणि माझ्या तासाला मुलं झोपत, हे त्यांना माहीत होतं.

गावातल्या एका मुलीचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं. मुलीच्या वडिलांनी हौसेनं रुखवतात विजेची इस्त्री मांडायची ठरवली. आण्णांनी रीतसर दाब विचारला, पुण्याची इस्त्री आणवली आणि लाल दोरा बांधला. इथपर्यंत ठीक होतं. पण वराकडच्या बायकांनी ती इस्त्री मांडवातच लावून पाहिली आणि ती कोमट होऊन बसली. कुजबूज सुरू झाली. तेव्हा आण्णा दिवसभर रुखवताजवळ उभे राहिले आणि येईल त्या बाईला हात जोडून सांगत राहिले, "आज थंड दिसतेय, पण सासरी गेली की बघा कशी तापेल. हात लावता येणार नाही." वरमाईनं हे लांबून ऐकलं आणि ते नवरीबद्दलच आहे असं धरलं. तिची समजूत घालता घालता मुहूर्त टळायची वेळ आली होती. आण्णांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही, आपलं चुकलं काय.

दसऱ्याला तर कहरच झाला. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजायची, तसं आमच्या आळीतल्या बायकांनी त्या वर्षी विजेच्या वस्तूही पाटावर मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. दसरा झाल्यावर सगळं निर्माल्य नीरा नदीत सोडलं. पूजा झालेल्या वस्तूवर जुना दोरा ठेवायचा नसतो, म्हणून आण्णांचे सगळे दोरेही कात्रीनं कापून त्याच निर्माल्याबरोबर गेले. पंधरवड्यानं आळीतल्या वकिलांनी आपला चांगला टेबलाचा दिवा पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडं पाठवला आणि तो पहिल्याच संध्याकाळी फुटला. आण्णा वकिलांकडं भेटायला गेले. टोपी काढून, खाली मान घालून, पाऊण तास बाहेरच्या ओट्यावरच बसले. उठताना म्हणाले, "पांढऱ्या दोऱ्याचा होता हो." मग सबंध दिवाळी त्यांनी घरोघर फिरून पुन्हा दोरे बांधण्यात घालवली. पण कुणाच्या घरात म्हणून ते बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, वस्तू बाहेर मागवायचे, गाठी मारायचे आणि पुढं जायचे.

त्याच पौषाच्या अखेरीस माझी मुलगी जन्माला आली, आणि यायला नको तेव्हा आली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून हिला पुण्याला पाठवण्याचं ठरलं होतं. न्यायला म्हणून सासूबाई आल्याही होत्या. त्यांच्या कंबरेला वात होता आणि त्या कुठंही जाताना विजेची शेकायची गादी बरोबर घेत. जाडसर फ्लॅनेलची, पाटीएवढी. नाक्यावर आण्णांनी ती वरखाली करून पाहिली, लाल दोरा बांधला आणि बजावलं, "आईसाहेब, ही इथं लावू नका. पाव ऊब येईल, आणि मग तुम्ही पुण्यात जाऊन सांगाल की भोरच्या विजेत दम नाही."

"निम्मी तरी येईल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"दाब निम्मा झाला म्हणजे ऊब निम्मी होत नाही. पाव होते. त्याहूनही चिमूटभर कमी."

सासूबाई घरी येईपर्यंत धुमसत होत्या. निघायचा दिवस दोन दिवसांवर आला आणि हिच्या पोटात दुखायला लागलं. आठवा महिना नुकता लागला होता. सखूबाई सुईण राजगडाच्या पायथ्याकडची. तिनं सगळं नीट पार पाडलं, पण मूल हातात घेतल्यावर ती त्याचे तळपाय चोळत राहिली.

"लेक हाय," शेवटी ती म्हणाली. "पर लई बारीक हाय, मास्तर. आन गार हाय."

दवाखान्यातले डॉक्टर येऊन पाहून गेले. मुलीला दूध ओढायची ताकद नव्हती, ते कापसाच्या बोळ्यानं पाजायचं होतं. पण दुधाच्याही आधी ऊब हवी, असं ते म्हणाले. तिचं अंग स्वतःची ऊब धरत नव्हतं. अशा थंडीत मोटारीनं पुण्याला नेणं म्हणजे तिला वाटेतच गमावणं. शेगडी ठेवावी तर धुरानं ती धापा टाकायला लागली. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्या आधी चटके देण्याइतक्या गरम आणि मग तासाभरात गार. तिचे ओठ निळसर दिसायला लागले. मी इतकी वर्षं जगाचे उष्ण आणि शीत कटिबंध शिकवले, पण सुपाएवढी एक जागा गरम कशी ठेवायची हे मला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना आपली गादी आठवली. पण पुण्यात ती इतकी तापते, की दुपटी चौपदरी करूनही त्यांना स्वतःला सोसत नसे. वीतभर अंगाखाली ती ठेवायची कशी? डॉक्टरांनाही धीर होईना. मी तशीच गादी बगलेत मारली आणि नाक्याकडं धावलो.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. गादीवरून हात फिरवला. ह्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली होती, की एका दाबाची वस्तू दुसऱ्या दाबावर लावू नका. आता त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि स्वतःच बांधलेला दोरा कापला.

"पाव ऊब," ते म्हणाले. "एवढ्याशा जिवाला तेवढीच पाहिजे. चला मास्तर."

त्या दिवशी आण्णांनी पहिल्यांदा कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला, आणि तो आमचा. सुपात गादी अंथरली, तिच्यावर दुपटं, त्यावर मऊ लुगड्याची घडी. मग त्यांनी सासूबाईंकडं वाटीत बोटभर तूप मागितलं. थंडीनं ते गोठून दगड झालं होतं. ती वाटी त्यांनी मुलीला जिथं निजवायचं त्याच जागी ठेवली, वरून पांघरूण घातलं आणि बटण दाबलं. आम्ही सगळे त्या वाटीभोवती बसलो. तासाभरानं तूप कडेनं सुटायला लागलं. तुपाचा रवा मऊ झाला, पण पातळ धार होईना.

"तूप मऊ राहिलं पाहिजे, पाणी होता कामा नये," आण्णा म्हणाले. "गोठलं तर पोरगी गार पडते. पार विरघळलं तर पोळते. निजवा आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. बावीस वर्षांत एकही रजा न घेतलेल्या माणसानं महिन्याभराची रजा मागितली, कारण लिहिलं, 'घरगुती'. साहेबांनी विचारलं, "आण्णा, तुम्हाला घर कुठलं?" आण्णांनी अर्जातला पत्ता दाखवला. तो आमचा होता. हे साहेबांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही हसू आलं नाही.

आण्णांना कुणीच नव्हतं, हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. रोज दिसणाऱ्या माणसाचं असंच होतं. त्यांचा एक सदरा आणायला मी त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा पाहिलं, आत कंदील टांगलेला. वीज नव्हतीच. अख्ख्या गावाच्या विजेची काळजी वाहणाऱ्या माणसानं स्वतःच्या खोलीत तार ओढली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्याला कशाला हवा दिवा? कोणाचं तोंड बघायचंय?" मला फार वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं आपण ह्या माणसाची टिंगल केली त्याची लाजही वाटली.

आमच्या घरात मात्र त्यांचं आणि सखूबाईचं रोज वाजायचं. दुपारी दोन तास इंजिनाला विश्रांती असे. तेवढा वेळ सखूबाई मुलीला पदराआड छातीशी धरून बसायची. आण्णा घड्याळ हातात घेऊन समोर.

"झाले दोन तास. आता गादीवर ठेव," ते म्हणायचे.

"ऱ्हाऊ द्या की. तुमचं इंजान दमतंय, म्या न्हाई दमत."

"तुझ्या अंगाचा दाब कमीजास्त होतो, सखूबाई. इंजिनाचा होत नाही."

"म्या सा लेकरं वाढिवली, दाब न इचारता."

आठव्या दिवशी इंजिनाचाही दाब कमी झाला. दिवेलागणीची वेळ होती. आण्णांनी मुलीशेजारची वाटी काढली आणि त्यांचं बोट तुपात शिरेना. ते गोठायला लागलं होतं. आमचा दिवाही पिवळा पडला होता. गावात कुणाकडं तरी मुंज होती. मांडवात दिव्यांच्या माळा लावलेल्या, आणि आमची आळी तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला. मुलीचे ओठ पुन्हा निळे दिसायला लागले. सखूबाई तिच्या गावी गेली होती. हिनं मुलीला उचलून उराशी धरलं, पण हिलाच ताप होता आणि हुडहुडी भरली होती.

आण्णा तडक बाहेर गेले. मी दारात उभा राहून पाहत होतो. जो माणूस कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे, तो थेट माजघरापर्यंत जात होता. "वहिनी, दिवे बंद करा. पोरगी गार पडतेय." आता तिन्हीसांजेला, लक्ष्मी यायच्या वेळी, लागलेला दिवा मालवायचा, हे आमच्याकडं कुणी ऐकून तरी घेईल का? वकिलांच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "आण्णा, दिवा विझवत नाहीत रे बाबा ह्या वेळी." आण्णा म्हणाले, "मग तेलाचा लावा आणि हा बंद करा."

तसंच झालं. एकेका घरात आधी समई लागली, निरांजन लागलं, आणि मग विजेचा दिवा मालवला. टोकापासून टोकापर्यंत आळीत तेलाचे दिवे दिसू लागले. मुंजीच्या मांडवातही आण्णा गेले. यजमानांनी कपाळाला आठी न घालता अर्ध्या माळा काढल्या, कारण त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला आण्णांचा दोरा होता.

आमचा दिवा हळूहळू पांढरा झाला. मी वाटीवरून नजर काढली नाही. अर्ध्या तासानं तूप कडेनं सुटलं. आण्णा धापा टाकत परत आले, त्यांनी बोट बुडवून पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मी त्यांना पाणी दिलं. सासूबाई देवापुढं साखर ठेवून आल्या आणि त्यातली पहिली चिमूट त्यांनी आण्णांच्या हातावर ठेवली.

त्यानंतर मुलीनं मागं वळून पाहिलं नाही. बोळा सुटला, ती अंगावर प्यायला लागली. रडायला लागली आणि तिचं रडणं पार रस्त्यापर्यंत जाई. सव्वा महिन्याला डॉक्टर आले, तिला उघडी करून पाहिली, पायांचे तळवे दाबून पाहिले आणि हसले. "आता गादी काढा," ते म्हणाले. "पोरीला तिची गरज नाही." सासूबाईंनी तिथंच रडायला सुरुवात केली. सखूबाईनं मुलीच्या तोंडावरून हात फिरवून, कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. माझ्या छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. दारात उभ्या असलेल्या वकिलांना मी मिठी मारली, आणि मी तसा मिठ्या मारणारा माणूस नाही.

आण्णांनी गादीची वायर काढली. तिची नीट गुंडाळी केली. ती सोडून पुन्हा केली. तुपाची वाटी स्वतः धुऊन पालथी घातली. मग कोट घातला आणि उगीच बटणं चाचपत उभे राहिले.

"मग उद्यापासून," ते म्हणाले, "मला यायला नको."

ते प्रश्न विचारताहेत की सांगताहेत, हे मला कळेना. त्यांनी मान खाली घातली होती आणि ते निगुतीनं गुंडाळलेलं वायरीचं वेटोळं त्यांच्या हातातच होतं.

आमची ही उठली. अजून अशक्तच होती. तिनं मुलीला सुपातून उचललं आणि सरळ आण्णांच्या पुढ्यात आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या सव्वा महिन्यात आण्णांनी गादी हाताळली, तूप चाचपलं, पांघरुणं सारखी केली, पण मुलीला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

"धरा, आण्णा," ही म्हणाली. "मला न्हायचंय. आणि उद्या सकाळी जरा लवकर या, सखूबाई उद्या येणार नाही."

आण्णा भिंतीशी बसले. मांडी घातली, सोडली, पुन्हा घातली. मुलगी त्यांच्या हातात आल्यावर ते इतके ताठ झाले, की त्यांची टोपीही हलेना. बराच वेळ त्यांनी तिला नुसतं धरून ठेवलं. मग एक हात हळूच मोकळा केला आणि तिच्या टाळूवर ठेवला. मी इतक्या जवळून त्यांचे डोळे कधी पाहिले नव्हते.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "गरम आहे हो. आणि हिला तर कुठं लावलेलंही नाही."